साडूंचं कपाट

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्या या संशयावरच माझं पोट चालतं. मूळचे होटगीचे, आता शुक्रवार पेठेत आमच्याच गल्लीत राहतात. उजनीकाठचे शेतकरी ज्या ॲपवरून घरबसल्या मोटारी चालू-बंद करतात, ते ॲप माझं. त्याच्या कंटेनर इमेज सांभाळतात साडू. कोडमध्ये एवढंसं काही बदललं, तरी ते आपोआप बांधून तपासायला दर वेळी संगणकाच्या आतच एक कोरी खोली उघडायची आणि काम झालं की मोडायची. त्या खोलीत कुठली हत्यारं असावीत, याचा साचा म्हणजे इमेज. "तुमच्या लॅपटॉपवर चाललं म्हंजे चाललं न्हाय," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की बायको आता ते माझ्या पोह्यांनाही लावते.

'लेटेस्ट' अशी चिठ्ठी असलेलं काहीही साडू आत घेत नाहीत. त्यांना नेमका आवृत्ती-क्रमांक लागतो. घरीही तेच. मेहुणीनं शेंगाचटणी आणायला धाडलं, तर ती कुठल्या दिवशी कुटलेली, हे विचारून दुकानदाराला भंडावून सोडतात. इमेजचा आकार वाढला, की त्यांना स्वतःचंच पोट सुटल्यासारखं वाटतं. एकदा आम्ही अक्कलकोटला निघालो, तर यांनी डिकीतलं निम्मं सामान खाली काढलं. "हे कशाला लागतंय तितं?" त्यात माझी पिशवी गेली. मुक्कामभर मी त्यांचाच आखूड पायजमा घालून हिंडलो, आणि तो मला लई शोभतो, असंही वर ऐकून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं, आणि नेमकं तेव्हाच ॲपचं 'बंद' बटण चालेना. मोटारी कोरड्या फिरून जळणार म्हणून गावोगावचे फोन सुरू झाले. चूक मला सापडली, पण तेवढ्यात बातमी दिसली: ज्या परक्या इमेजवर आमची सगळी खोली उभी, तीच तिच्या मालकांनी इंटरनेटवरून काढून टाकली होती. ठिकठिकाणची कामं ठप्प; आता माझी दुरुस्ती बांधायची कुठं? मी घाम पुसत साडूंना फोन लावला. ते जेवत होते.

"आपण कुटं त्यांच्याकडनं घेतो?" ते म्हणाले. "तिची प्रत आपल्या कपाटात हाय की. परक्याच्या भरवशावर मोटार सोडायची व्हय? दाबा तुमी बटण, मला भाकरी खाऊ द्या."

हे कपाट म्हणजे त्यांचा जुना सर्व्हर. मी ॲप बांधायचं बटण दाबलं. दुरुस्त ॲप बांधून निघालं, फोनांवर पोचलं आणि थोड्याच वेळात काठावरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "थांबली बगा मोटर. लई उपकार झाले तुमचे." उपकार कुणाचे, ते मी त्याला सांगितलं.

पुढच्या महिन्यात साडू कायमचे बेंगळुरूला लेकीकडं चाललेत. "मग इमेजचं कसं?" मी विचारलं.

"समदं आपोआप व्हतंय की आता," ते म्हणाले. "माझ्यावाचून अडलं, तर मी काम काय केलं?"

खरं आहे. ॲपचं काहीच अडणार नाही, इतकं चोख त्यांनी करून ठेवलंय. माझं अडेल, हे मात्र त्यांना कसं सांगावं, कळत नाही.