घाटावरचा दगड

लोणच्याच्या बरणीत फोडी दाबायला मी जो दगड ठेवते, तो अमरकंटकच्या वाटेवरच्या घाटातला आहे. घरात कोणाला हे माहीत नाही. मी तो उचलून आणल्याचं माहीत होतं ते फक्त यांना.

लग्नाला वर्ष झालं होतं. हे लष्करी सामानाच्या फॅक्टरीत फिटर. चार दिवसांची रजा मिळाली म्हणून आम्ही जबलपूरहून बसने निघालो. घाटमाथ्यावर इंजिन तापलं आणि ड्रायव्हर पाणी ओतायला थांबला, तशी सगळी माणसं खाली उतरली. एका बाजूला सालाच्या झाडांचं दाट रान होतं, दुसऱ्या बाजूला दरी. दरीपलीकडे डोंगरामागे डोंगर, शेवटचा तर आभाळात मिसळून गेलेला. दोन खोल्यांच्या क्वार्टरमधून मी एवढं लांब कधी पाहिलंच नव्हतं. हे शेजारी उभे होते. चारचौघांत पहिल्यांदाच त्यांनी माझा हात धरला.

रस्त्याच्या कडेला दगडांचा मोठा ढीग होता. कपाळावर, हातांवर गोंदलेली एक गोंड म्हातारी तिथे पानाच्या दोन्यात तेंदूची फळं विकत होती. तिने सांगितलं, हा घाटाचा देव; येणारा-जाणारा इथे एक दगड ठेवतो. ड्रायव्हरने ठेवला, यांनी ठेवला. मीही ठेवायलाच वाकले, पण ढिगातला एक तांबूस, गुळगुळीत दगड उचलून पदरात बांधला. त्या दिवसातलं काहीतरी घरी न्यावंसं वाटलं.

म्हातारीने ते पाहिलं. म्हणाली, "यहाँ से ले नहीं जाते, बाई. रखके जाते हैं. अब तुमको ही लौटाना पड़ेगा."

तेवढ्यात हॉर्न वाजला. मला इतकी लाज वाटली की तशीच बसमध्ये चढले.

यांना घरी आल्यावर सांगितलं. यांच्या फॅक्टरीत सुटताना रोज गेटवर खिसे तपासायचे. हे हसून म्हणाले, "आमच्या गेटवर असती तर धरली गेली असती तू. पुढच्या रजेत जाऊन ठेवू दोघं."

मग लढाई लागली. रजा बंद, बारा-बारा तासांची पाळी. लढाई थांबली तरी ओव्हरटाइम काही थांबला नाही. हे घरी यायचे अन् जेवता जेवता डुलक्या घ्यायचे. मी कधी घाटाचं नाव काढलं की म्हणायचे, जाऊ ना.

चार-पाच वर्षांनी शेजारच्या बायका अमरकंटकला निघाल्या. यांना सुटी नव्हती. "तू जाऊन ये," म्हणाले, "अन् ड्रायव्हरला सांग, भैया, जरा रोकना. काहून लाजून राहिली एवढी?"

दगड रुमालात बांधून मी मांडीवर घेतला. या वेळची बस नवी होती, इंजिन तापलं नाही. घाट आला. शब्द ओठांवर होते, पण बस माणसांनी भरलेली. ढीग दिसला, मागे गेला. येताना तरी सांगायचं म्हणून आधीपासून मनात घोकत बसले. येतानाही तसंच झालं.

घरी पोचले तेव्हा हे पाळीवर निघाले होते. डबा हातात घेऊन दारातच विचारलं, "ठेवला?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं," म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. "आता मी येईन तेव्हा मला दाखव, कुठं ठेवला ते."

मग दुसरी लढाई आली, पुन्हा रजा बंद. त्यानंतर पेन्शन झाल्यावर जाऊ असं ठरलं. पेन्शनला दोन वर्षं होती तेव्हा हे गेले.

आता मुलगा म्हणतो, आई, अमरकंटकला गाडीने नेतो, म्हणशील तिथे थांबवतो. मी दर वेळी गुडघ्यांचं कारण सांगते. दगड ठेवून येणं आता अवघड नाही. पण तिथे उभी राहिले की आधी शेजारी पाहीन, हे मला ठाऊक आहे.

या वर्षीची लिंबं आणली आहेत. दगड धुऊन उन्हात ठेवला आहे.