वहिनींचा सलीम

पापडाच्या लाट्या करता करता माणसं जन्माला घालणारी आणि त्यांची लग्नं लावणारी बाई आमच्या कॉलनीत एकच होती, कादंबरीवाल्या वहिनी. उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जणी त्यांच्या ओसरीवर उडदाचे पापड लाटायचो आणि वहिनी चष्मा सावरत नवं प्रकरण वाचून दाखवायच्या. त्यांच्या हातचा पापड कधी गोल झाला नाही. ते काम आम्ही त्यांना माफच केलं होतं.

लिहायच्या मात्र स्वयंपाकघरात. "वरण शिजेपर्यंत एक पान होऊन जाते," म्हणायच्या. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जो तो प्लॉटच्या नाहीतर बदलीच्या गोष्टी करत होता, आणि या बाईला काळजी कसली, तर सलीमनं घरी सांगितलं की नाही याची! वंदना आमच्या रायपुरातल्याच पंडरी भागातली, शारजाच्या दवाखान्यात नर्स. सलीम त्याच दवाखान्यात डॉक्टर, पण लाहोरचा. दोघंही वहिनींच्या कादंबरीतली, तरी आम्ही त्यांच्याबद्दल शेजारपाजाऱ्यांसारखं बोलायचो.

आमचं ऐकायची वहिनींना खोडच होती. "तिच्या आईले इतकं रडवू नका," असं कोणी म्हटलं, की पुढच्या खेपेला आईचं रडणं निम्मं झालेलं असायचं. शेवटी दोघांचं लग्न झालं, नातीच्या बारशाला आई शारजाला गेली, तेव्हा ओसरीवर आम्ही सगळ्या पदरानं डोळे पुसत होतो.

पुस्तक छापून आलं आणि लोकांचं डोकं फिरलं. पाकिस्तानी जावई तुम्हाला चालतो कसा, असं विचारणारे फोन वेळी-अवेळी यायला लागले. मराठी मंडळींनी ठरवलेला सत्कार रद्द केला. सिलतऱ्याच्या कारखान्यात वहिनींच्या मुलाला 'सलीमचा साला' म्हणून चिडवायचे. तो घरी येऊन आईशी बोलेनासा झाला. प्रकाशक म्हणाले, शेवट बदला, दुसरी आवृत्ती काढू.

वहिनींनी सवयीप्रमाणे आम्हालाच विचारलं.

"मारून टाका ना त्याले, वहिनी," मी म्हटलं. "एखाद्या अपघातात. खराखुरा थोडीच आहे तो?"

बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. आपण फार शहाणपणाचं बोललो असंच मला वाटलं होतं. वहिनी हातातली लाटी नुसती दाबत बसल्या.

"काहून मारू वं?" त्या म्हणाल्या. "त्यानं काय केलं?"

पण मारला. नव्या आवृत्तीत सलीम गाडीखाली आला, वंदना रायपूरला परतली आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. मुलगा आईशी बोलू लागला. रद्द झालेला सत्कार पुन्हा ठरला, शाल-श्रीफळ झालं. वहिनी माईकसमोर उभ्या राहिल्या.

"आपल्यात तेरावं असते, त्यांच्यात चाळिसावा. तुम्ही सगळ्यांनी सलीमचा चाळिसावा चांगला केला. आभारी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना.

वहिनींनी पुढे काही लिहिलं नाही. उन्हाळ्यात ओसरीवर येऊन बसायच्या, लाट्या करून द्यायच्या, सुनेच्या तक्रारीसुद्धा आमच्यासारख्याच करायच्या. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानं तर मी आणखीच ओशाळी व्हायचे आणि चिवडा केला, लाडू केले, की पहिला डबा त्यांच्याकडे नेऊन द्यायचे. लाडवानं कुठे असं काही फिटतं?

शेवटच्या आजारपणात मी दुपारची त्यांच्याजवळ बसायचे. एकदा डोळे मिटूनच म्हणाल्या, "सुमन, तो असता तर आता पन्नाशीले आला असता, नाही?"

कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

"हो, वहिनी."

"केस पिकले असते."

"वंदनानं रंगवू दिले नसते," मी म्हटलं. "अन् पोरीचं लग्न काढलं असतं दोघांनी. सलीम नुसता रडून राहिला असता."

वहिनी हसल्या. बराच वेळ माझा हात धरून पडून राहिल्या. मग तो हळूच सोडला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आता कायले जगवते वं त्याले?"