घोडीवाल्यांचं ना-हरकत पत्र

माथुर मॅडमचा दिल्लीहून फोन आला तेव्हा निम्म्या पुस्तकाची प्रुफं माझ्या टेबलावर होती.

"बाकी सब ठीक है," त्या म्हणाल्या. "लेकिन राइट्स किसके हैं?"

मी म्हटलं, "कागद ज्यांच्याकडे आहेत, त्यांची परवानगी जोडली आहे."

"वो तो काग़ज़ की परमिशन हुई. लिखा किसने है?"

वर्ध्यातल्या एका सार्वजनिक ट्रस्टच्या छोट्या प्रकाशन विभागात मी काम करत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही जुने कागद छापायचो. पत्रं, अर्ज, पंचनामे. अशा पुस्तकांना दस्तऐवजी आवृत्ती म्हणतात. यात मूळ मजकूर होता तसा छापायचा असतो. लिहिणाऱ्याने 'पाऊस' चुकीचा लिहिला तर तोही चुकीचाच छापायचा, आणि खुलासा खाली टिपेत द्यायचा. असली पुस्तकं कोणी विकत घेत नाही. म्हणून ती ग्रँटवर निघतात, आणि ग्रँट हप्त्याहप्त्याने येते. पहिला हप्ता टायपिंग आणि झेरॉक्समध्ये संपला होता. दुसरा दिल्लीच्या ग्रँट कमिटीत, माथुर मॅडमच्या टेबलावर अडला होता.

हातातलं पुस्तक आर्वीच्या एका कापूस व्यापारी घराण्याकडच्या पत्रांचं होतं. आजच्या शेठजींचे, किसनलालजींचे आजोबा कापसाचे मोठे खरेदीदार. त्यांचा एक माणूस गावोगाव फिरून उभा कापूस बघायचा आणि शेठजींना मोडी लिपीत पत्रं लिहायचा. पीक कसं आहे, कुठे बोंडं सडली, कोणत्या गावात कोण कोणाशी बोलत नाही. खाली सही एवढीच: सखाराम.

कायदा साधा आहे, पण फारसा कोणाला माहीत नसतो. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा. मजकूर मात्र ज्याने लिहिला त्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. मला सखारामचे वारस हवे होते.

आमचे संपादक ठोंबरे सर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ते वैतागले. "कुठे शोधत बसता? 'शोध घेतला, वारस आढळले नाहीत' असं लिहून द्या."

"पण सर, शोध घेतलाच नाही ना."

"मग एक दिवस जाऊन या आणि लिहा."

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. वर्षभर मी त्या माणसाची पत्रं तपासत होते. त्याला वांग्याची भाजी आवडत नाही हे मला माहीत होतं. शेठजींनी दिलेल्या घोडीवर त्याचा किती राग होता, तेही माहीत होतं. दर दोन-तीन पत्रांआड ती घोडी यायचीच. 'घोडी नाल्यापाशी येऊन उभी राहिली, पुढे पाऊल घालीना, सबब पलीकडील कापूस पाहणे जाले नाही.' पण त्याचं आडनाव काय, घर कुठे, पत्रं एकाएकी का थांबली, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. एका पत्रात फक्त 'घरी जामास जाऊन येतो' एवढं होतं.

म्हणून एसटीने जामला गेले. जाम म्हणजे हायवेचा चौक. ट्रक, पंक्चरची दुकानं, चहाच्या टपऱ्या. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं, "आर्वीच्या शेठकडे कामाला असलेला कोणी सखाराम होता का हो इथे? फार जुनी गोष्ट आहे."

त्यांनी जरा आठवलं. "सखाराम त लय झाले. शेठकडचा म्हणता… घोडीवाल्याइचा सखाराम का?"

घोडीचं मी अवाक्षर काढलं नव्हतं.

"घोडीवाले कोण?"

"ते काय, थो हाटेल. अनसूयाबाईचं. तिचाच आजा होता थो."

अनसूयाबाई पन्नाशीच्या. गल्ल्यावर बसून एकाच वेळी ड्रायव्हरांचे पैसे घेत होत्या आणि नवऱ्याला भज्यांवरून बोलत होत्या. नवरा हसत हसत झारा फिरवत होता. मी कोण, कुठून आले, सगळं सांगितलं.

"माया आजाले लिवता येत होतं?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"मोडी येत होती. अक्षर फार सुंदर आहे."

"आमाले त कोनी सांगतलं नाई. बाप त अंगठा देत होता."

मी विचारलं, "तुम्हाला घोडीवाले का म्हणतात?"

"कोनाले मालूम! आमच्या घरी कधी घोडी काय, बकरी नाई पाह्यली मी. लहानपनी शाळेतल्या पोट्ट्या चिडवत. मी बापाले विचारलं, त थो म्हने, गप राय."

मी पिशवीतून प्रूफ काढलं आणि तिथेच बाकावर बसून वाचायला सुरुवात केली. घोडी नाल्यात उतरली नाही. घोडीने लगाम तोडला. मुक्कामाला पुन्हा वांग्याचीच भाजी. घोडी बाजाराच्या दिवशी बाजारातच बसली आणि सगळं गाव जमा झालं. अनसूयाबाई आधी ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या, मग पदराने डोळे पुसायला लागल्या. नवरा झारा घेऊन तसाच उभा. कढईतली भजी करपली, तरी त्या त्याला काही बोलल्या नाहीत.

"म्हंजे असं हाय तं," त्या म्हणाल्या. "इतके वर्सं नाव घेऊन फिरून राह्यलो अन् मालूमच नाई."

वारस म्हणून त्या एकट्याच होत्या. आजाला एक मुलगा, त्याला ही एकच मुलगी. तलाठ्याकडे नोंदी जुळल्या. काम झालं असं मला वाटलं. मी ना-हरकत पत्र पुढे केलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि प्रुफाचं पहिलं पान उलटलं. तिथे मोठ्या टायपात शेठजींचं नाव होतं आणि खाली 'यांचा पत्रसंग्रह'.

"लिवलं माया आजानं, अन् नाव शेठचं काऊन?"

"त्यांनी जपून ठेवली म्हणून."

"ठेवली त चांगलं केलं. पन वांगे त्यानं खाल्ले, घोडी त्यानं ओढली. नाव त्याचं पायजे. नाई त सही नाई."

मला त्यांच्यावर रागावता येईना. त्यांचं चुकीचं काय होतं?

दुसऱ्या दिवशी आर्वीला किसनलालजींना भेटले. माणूस सज्जन. पण ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "ताई, आम्ही कागद छापू दिले ते दादाजींच्या नावासाठी. वर नौकराचं नाव छापलं तर समाजात लोक काय म्हणतील? मग राहू द्या. झेरॉक्स परत करा."

म्हणजे एकीकडे सही नाही, दुसरीकडे कागद नाहीत. ग्रँट दोन्हींवर उभी होती. पहिला हप्ता परत करायची पाळी आली असती आणि आमचा विभाग बंदच झाला असता. ट्रस्टींना तेवढंच निमित्त हवं होतं.

ठोंबरे सर म्हणाले, "दोघांना एकत्र बसवा. आपण मधे बोलायचं नाही."

अनसूयाबाई हॉटेल नवऱ्यावर सोडून, ठेवणीतलं लुगडं नेसून आर्वीला आल्या. ठोंबरे सरही माझ्याबरोबर होते. किसनलालजींनी त्यांना गादीवर नव्हे, खुर्चीवर बसवलं. तो मान होता की अंतर, मला कळलं नाही. चहा आला.

"शेठ," कप खाली ठेवून अनसूयाबाई म्हणाल्या, "भांडाले नाई आली. पन आजाचं अक्षर त दाखवा मले."

किसनलालजींनी आतून तांबड्या कापडात बांधलेला गठ्ठा आणला. मूळ कागद घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, ही त्यांची पहिल्यापासूनची अट होती. झेरॉक्सवाल्याला त्यांनी मशीनसकट घरी बोलावून प्रती करून दिल्या होत्या. त्यामुळे मूळ कागद मीही त्या दिवशी प्रथमच पाहत होते.

अनसूयाबाईंनी हात लुगड्याला पुसून एक कागद उचलला. त्यांना नीट दिसेना, म्हणून खिडकीपाशी धरला. उजेड आरपार आला आणि मला मागच्या बाजूची अक्षरं दिसली. आमच्या झेरॉक्सवर जागोजागी पुसट डाग होते. आम्ही ते शाईचे डाग समजलो होतो. मी कागद उलटा करून मागितला. मागे वेगळ्या हातची, जाड, घाईची मोडी होती.

"सर, हे काय आहे?"

ठोंबरे सरांनी चष्मा वर केला. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला. "हा शेरा आहे. शेठजींचा. उत्तर काय द्यायचं ते त्यांनी पत्राच्या पाठीवरच लिहून ठेवलंय." मग वाचलं, "'घोडी ठीक आहे. माणूस घाई करतो.'"

अनसूयाबाई खो खो हसल्या. किसनलालजी आधी गोंधळले, मग तेही हसले.

"और देखो, और देखो," ते पुढे सरकले.

सरांनी दुसरं उलटलं. सखारामने घोडी बदलून मागितली होती. मागे शेठजी: 'घोडी आम्ही स्वतः पसंत केली. बदलणे नाही. गूळ पाठविला आहे, तो घोडीस द्यावा.' तिसऱ्या पत्रात सखाराम लिहीत होता, गूळ पोचला, घोडीने खाल्ला, नाल्यात उतरली नाही. मागे एकच शब्द: 'पाहू.'

संध्याकाळपर्यंत आम्ही उठलो नाही. घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या हातात इतके दिवस एकाच माणसाचं बोलणं होतं. आता दुसरा माणूस उत्तर देत होता. तापात पडलेल्या सखारामच्या पत्रामागे शेठजींनी लिहिलं होतं, 'काम राहू द्यावे. आधी बरे व्हावे.' ते वाचल्यावर कोणी हसलं नाही. किसनलालजींनी तो कागद हातात घेतला. मोडी त्यांना येत नव्हती, तरी बराच वेळ बघत राहिले.

"घरात बोलायचे, दादाजी फार कडक होते," ते म्हणाले. "मी तर त्यांना पाहिलंही नाही."

"माया आजाले बी मी नाई पाह्यलं," अनसूयाबाई म्हणाल्या.

नावाचा विषय किसनलालजींनीच काढला. "दोघांची नावं टाका, ताई."

"वर कोणाचं?" मी भीत भीत विचारलं.

त्यांनी व्यापाऱ्यासारखा विचार केला. "चिठ्ठी तो पहले उसी की आयी ना? जवाब बाद में. मग तसंच लिहा."

अनसूयाबाईंनी तिथेच सही केली. सही करायला त्यांना वेळ लागला, कारण त्या ठसठशीत, पूर्ण नाव लिहीत होत्या.

माथुर मॅडमना मी फोन करून मुदतवाढ मागितली. सगळी पत्रं पुन्हा वाचायची होती, मागच्या बाजूंसकट.

"मतलब, आपने काग़ज़ पलटा, इसलिए एक्स्टेंशन चाहिए?"

"हो मॅडम."

त्या म्हणाल्या, "कमिटी को यही लिखिए. इससे अच्छा रीज़न आज तक किसी ने नहीं दिया."

मुदत मिळाली, जास्तीचे पैसे मिळाले नाहीत. म्हणून पुस्तकाचा कागद पातळ आला, बांधणी साधी झाली आणि एकही चित्र घालता आलं नाही. पत्रं का थांबली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिहिलं. बाजारात खप जेमतेम झाला. किसनलालजींनी मात्र नातीच्या लग्नात आहेराबरोबर पुस्तक वाटलं. अनसूयाबाईंनी हॉटेलच्या पाटीवर नाव बदलून घेतलं. आता तिथे 'घोडीवाले' असं रंगवलेलं आहे आणि त्या विचारणाऱ्याला कारणही सांगतात, चहा घेतला असेल तर.

त्यानंतर विभागात जो कोणी नवा आला, त्याला मी कायदा शिकवला, टिपा शिकवल्या, ग्रँटचे रिपोर्ट लिहायला शिकवले. पण सगळ्यात आधी एवढंच सांगायची: झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढ. पैसे दुप्पट लागतात, लागू दे.