ग्रेनचा सहावा हिस्सा

गणित माणसाला निर्भय करतं. कुर्तडीकर सरांच्या शोकसभेत अध्यक्षांनी हे वाक्य उच्चारलं आणि सभागृह गंभीर झालं. माझ्या शेजारी बसलेली हलीमा मात्र कानाशी लागून म्हणाली, "कोणाबद्दल बोलायलेत हे?" प्रश्न रास्त होता. आम्ही ओळखत होतो ते सर रक्ताला भीत, कुत्र्याला भीत, टांग्याच्या घोड्यालाही वळसा घालून जात. गेल्या महिन्यात ते झोपेतच गेले. घाबरायला वेळ मिळाला नाही, याचं मला बरं वाटलं.

निजामाच्या अमदानीतली ती शेवटची वर्षं. सर औरंगाबादच्या कॉलेजात इंटरच्या पहिल्या वर्षाला बीजगणित शिकवीत आणि दुपारी दवाखान्यात येऊन आम्हा नर्सिंगच्या मुलींना हिशेबाचं गणित. औषधाची मात्रा, पाण्याचं प्रमाण, अपूर्णांक. वॉर्डातून यावं लागू नये म्हणून ते मागच्या बाजूनं, धोबीघाटाला लागून येत आणि रुमालात कापूर ठेवीत. वर्गात आमच्यात नि त्यांच्यात चिकाचा पडदा असे. आम्ही सकाळभर पुरुषांच्या वॉर्डात उघड्या तोंडानं जखमा धुवून आलेल्या असू; पण अपूर्णांक शिकताना आमची अब्रू सांभाळणं सरकारला गरजेचं वाटत होतं. बांबूच्या कामट्यांमधून आम्हाला सर दिसत. सरांना मात्र फक्त कामट्या दिसत. "समजलं?" असं त्यांनी विचारलं की पलीकडून एका सुरात "जी" यायचं. समजलं तरी जी, नाही समजलं तरी जी. एकदा व्हरांड्यात खाली मान घालून ते मला म्हणाले, "या 'जी'ची मला भीती वाटते, बाई. कॉलेजातल्या पोरांचं चुकलं तर कागदावर चुकतं. तुमचं कुठं चुकेल...?" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांची पुष्कळ वाक्यं अशीच संपत.

हलीमा अजिंठ्याची. घरी उर्दू, गल्लीत मराठी, आणि राग आला की दोन्ही. सुई तिच्याइतक्या हलक्या हातानं कुणी टोचत नसे, पण आकडा दिसला की तिला घाम फुटे. सरांचा एक आवडता सवाल होता. गोळी अर्ध्या ग्रेनची आहे, रोग्याला द्यायचाय ग्रेनचा सहावा हिस्सा. अर्ध्यात सहावा हिस्सा किती वेळा बसतो? ग्रेन म्हणजे गुंजेहूनही हलकं वजन, त्याचे हे तुकडे. हलीमानं हा सवाल पाठच करून टाकला होता. पडद्याआडून ठणकावून म्हणायची, "तीन." पलीकडून सर म्हणायचे, "शाबास." दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं.

मग हैदराबादहून नाजिमसाहेब, म्हणजे आमच्या खात्याचे वरिष्ठ, येणार असल्याची वर्दी आली. दवाखान्याला चुना लागला, गुलाबपाणी आलं, आणि सरांना बोलावून सांगण्यात आलं की इतक्या मोठ्या पाहुण्यासमोर एकही मुलगी नापास दिसणं बरं नाही. सर नोकरीलाही भीत. त्यांनी सगळ्यांना पास केलं. समारंभात नाजिमसाहेबांनी आमच्या गळ्यात हार घातले आणि रियासतीतल्या रोग्यांनी आता निश्चिंत व्हावं, असं जाहीर केलं. सर मागच्या रांगेत रुमी टोपीनं वारा घेत बसले होते. हवा थंड होती.

पुढच्याच उन्हाळ्यात चितेगावकडं पटकीची साथ आली. डॉक्टर आणि मोठी सिस्टर तिकडं निघायच्या बेतात असताना टांग्यातून सरांना आणलं. मूत्रखड्याची कळ. गुडघे पोटाशी घेऊन ते जनावरासारखे कण्हत होते. डॉक्टरांनी तपासलं, "मॉर्फिन, ग्रेनचा सहावा हिस्सा," असं सांगितलं आणि तसंच लिहून ते टांग्यात बसले. वॉर्डात उरलो आम्ही दोघी, नव्यानं पास झालेल्या.

कपाटातली बाटली अर्ध्या ग्रेनच्या गोळ्यांची होती, पाण्यात विरघळवून सुईत भरायच्या. हलीमाचा चेहरा उजळला. तिला येत होता तोच सवाल. "सर, तीन," ती म्हणाली. सरांचे डोळे मिटलेले. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "शाबास... लवकर." मीही मनात मांडून पाहिलं. अर्धा, त्यात सहावा, तीन. उत्तर बरोबर होतं. तरी काहीतरी चुकत होतं. काय, ते मला सांगता येत नव्हतं.

हलीमानं चमच्यात पाणी घेतलं. एक गोळी टाकली. दुसरी टाकली. तिसरी टाकली.

गोळ्या चमच्यात पडल्याचा आवाज ऐकून असेल, किंवा कळ जरा ओसरली म्हणून असेल, सरांनी डोळे उघडले. इतके दिवस त्यांनी तिचं उत्तर ऐकलं होतं. त्या उत्तराचं ती काय करते, हे आज पहिल्यांदा पाहत होते. मध्ये पडदा नव्हता. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की कळ परत आली, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर ते त्या चमच्याकडं तहानेल्या माणसासारखं बघत राहिले... तीन गोळ्यांत कळ कायमची थांबली असती. मग त्यांनी तिचं मनगट धरलं.

"हलीमा, एका गोळीचे तीन वाटे. त्यातला एक. तीन गोळ्या नाय."

"पण तुम्हीच शाबास म्हणलात, सर."

"म्हणलो. नेहमीच म्हणलो." त्यांचे दात वाजत होते. "फेका ते. आता काय करायलात ते मोठ्यानं बोला. दोघी बोला."

हलीमानं चमचा ओतून दिला. नवी गोळी तिच्या हातून दोनदा खाली पडली. आम्ही बोललो. एक गोळी, इतक्या पाण्यात विरघळली, पाण्याचे तीन वाटे, सुईत एकच, बाकीचं मोरीत. चुकलो की ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावीत, आणि मधूनच कण्हत. शेवटी हलीमानं सुई टोचली. ते झोपले आणि आमची खरी भीती तेव्हा सुरू झाली. ती त्यांच्या नाकापुढं हात धरून बसली. "लई हळू घ्यायलेत गं श्वास," ती म्हणायची. मी बघायची. हळू होता की झोपेतला होता... कोण सांगणार? सांगू शकणारा एकटाच माणूस खाटेवर होता.

दिवेलागणीला सरांनी डोळे उघडले. पहिला शब्द, "किती दिलं?"

"एक," हलीमा म्हणाली.

"एक काय?"

"एक वाटा. गोळीचा." आणि ती रडायला लागली.

आम्ही दोघी निवृत्त होईपर्यंत औषध भरताना मोठ्यानं बोलत राहिलो. रोग्यांना वाटे, या बाया काहीतरी मंत्र म्हणतात. काही जण हातही जोडत. सर त्यानंतरही कुत्र्यांना भ्यायचेच. पण त्या चमच्याची भीती नाजिमसाहेबांच्या भीतीहून मोठी निघाली. खाटेवरून उठल्यावर त्यांनी वर अर्ज केला: दिलेला निकाल खोटा आहे, तो रद्द करावा, मुलींची परीक्षा पुन्हा, पडद्याशिवाय, मेजावर गोळ्या नि चमचा ठेवून घ्यावी.

वरच्या कचेरीनं अर्जाची तातडीनं दखल घेतली. पुढच्या सालापासून नर्सिंगच्या अभ्यासक्रमातून गणित काढून टाकण्यात आलं.