आईच्या मानेवरचं वशिंड

मंडळी, आज संध्याकाळी नेकनूरला घरी आलो. उद्या पोळा, म्हणजे आज खांदेमळणी. आज बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात. पण चाऱ्यावाचून आमचे बैल उन्हाळ्यातच विकले.

तरी आबा, माझे वडील, सवयीनं हळद-तुपाची वाटी घेऊन बसलेले. थोड्या वेळानं आईला म्हणाले, "ये गं, तुजं वशिंड चोळतो."

ऊसतोडीच्या मोळ्या वाहून आईच्या मानेवर गाठ आलीय, तिला घरात वशिंड म्हणतात. मला लई राग आला. "आबा, वशिंड बैलाला असतं. आई काय बैल हाय का?"

आईच म्हणाली, "आरं, बैलांनी कारखान्यापत्तूर ऊस वडला, म्या गाडीपत्तूर. ऊस एकच, मग नाव येगळं कावून?"

जनावराच्या अंगाचे असले शब्द माणसाला लावले की मी शिवी समजायचो. हा शब्द तर सोबतीचा निघाला.

मान चोळून झाली. दरवर्षी बैलांना म्हणायचे तसंच आबा तिला म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

आई हसली. "येते की. पण सैपाक कुनी करायचा?"

आबा माझ्याकडं बघायला लागले, मी मोबाईलकडं.

तुमच्या घरी उद्या पुरण कोण शिजवणार आहे?