मशीनकाकांचे कान

आमच्या घरात पटकन विश्वास ठेवणाऱ्याला भोळा म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. दूधवाला सहज म्हणाला, "आज दूध छान आहे," तर आई लगेच विचारते, "का? काल काय घातलं होतंस?" अशा घरात वाढलेली माझी ताई. त्यात सोळा वर्षं कोर्टात स्टेनो. साक्षीदार शपथ घेऊन खोटं बोलणार आणि ही मान खाली घालून, पेन्सिलीनं, मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगानं ते उतरवून घेणार. आमच्यात सगळ्यांत पक्की तीच. म्हणून ती एका मौन शिबिराच्या नादी लागली तेव्हा आम्ही नुसते हसलो. दुसऱ्यांदा गेली तेव्हा हसू जरा ओसरलं. दोन वर्षांत आठवं शिबिर आलं, तेव्हा भाजी चिरता चिरता तिनं भावोजींना सांगितलं, "राजीनामा लिहून ठेवलाय. शिबिर संपलं की सोमवारी देणार. मग तिकडंच राहीन म्हणते."

भावोजींचं चष्म्याचं दुकान. माणूस इतका थंड की गिऱ्हाईक डोक्यावर येऊन ओरडलं तरी काच पुसत बसेल. ते त्या दिवशी भरदुपारी शटर ओढून माझ्याकडे आले.

"तू रिकामाच आहेस," ते म्हणाले.

"रिकामा नाही. नोकरी शोधतोय."

"मग त्यासोबत हेही शोध. तो माणूस कोण आहे, हिला काय पाजलंय त्यानं. सहा दिवसांचं शिबिर आहे."

"सहा दिवस गप्प बसायचं? मी?"

"तो आम्हाला वरचा फायदा," भावोजी म्हणाले.

तो माणूस म्हणजे मशीनकाका. जाण्याआधी मी चौकशी केली. शिबिराला जायचं आणि गुरूची चौकशी करायची नाही, हे आमच्या आईच्या पोटी जन्मलेल्याला शोभत नाही. काका एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात एकतीस वर्षं मशीनमन होते. त्यांच्यासोबत अक्षरांचे खिळे जुळवायला असलेला एक म्हातारा जुळारी मला भेटला. तो म्हणाला, "यंत्राचा बिघाड त्याला तळपायाला कळायचा. म्हणून चपला काढून उभा राहायचा. दिवसा छापखाना मोकळा असला की धर्माच्या पुस्तिका यायच्या, सगळ्या धर्मांच्या. एकाची वाळत घातलेली, दुसऱ्याची मशीनवर. हा मधे उभा राहून दोन्ही वाचणार आणि म्हणणार, अरे, मजकूर तर तोच आहे, नुसती किनार वेगळी."

निवृत्त झाल्यावर काका त्या पुस्तिकावाल्यांकडे जाऊन बसले. मठातल्या भिक्खूंकडे दोन महिने, मग कॉन्व्हेंटमधल्या एका म्हाताऱ्या सिस्टरकडे, मग एका सुफी बाबांकडे. तिघांनीही म्हणे सांगितलं, आता तुम्ही शिकवा. 'म्हणे' हा शब्द मी माझ्या वहीत अधोरेखित केला.

शिबिर एका जुन्या वसतिगृहात होतं. वर लाकडी जमिनीचा लांबलचक हॉल, चौदा चटया, चौदा उशा आणि भिंतीवर तीन प्रमाणपत्रं. मठाचं, सिस्टरचं, बाबांचं. मी जवळ जाऊन पाहिलं. तिन्हींना एकच किनार! तीच वेल, तेच पान, एका कोपऱ्यात तोच तुटका ठसा. मी एकावरून दुसऱ्यावर मान फिरवत असताना मागून मोठ्ठा आवाज आला.

"तिन्ही मीच छापली!" काका होते. सत्तरीचे, बारीक, अनवाणी. "त्यांच्याकडे कुठला आलाय छापखाना?"

उत्तर तयार होतं. मला तयार उत्तरं आवडत नाहीत.

ताई दारात नोंदणी करत होती. मला पाहून तिची पेन्सिल क्षणभर थांबली, मग मला परक्यासारखा नाव-पत्ता विचारला. संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर उभं राहून नियम वाचले. काका शेजारी बसून प्रत्येक नियमाला मान हलवत होते. बोलायचं नाही, वाचायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, गरज पडली तर चिठ्ठी लिहायची. असे अकरा. शेवटी ती म्हणाली, "आणि पाणी जपून वापरा." त्याला तर काकांनी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून मान हलवली. मला वाटलं, पाण्याचं एवढं?

दुसऱ्या दिवशी मी पहिला पुरावा पकडला. बैठक तासाची. तास संपला की ताई घंटी वाजवायची, पण काका घंटीला डोळे उघडत नसत. घंटीनंतर ताई जमिनीवर बोटांनी दोनदा टकटक करायची, तेव्हा उघडत. मी अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी तीन बैठका हे पाहिलं. खुणा! काका सत्तरीचे, ताई चाळिशीची, पण आमच्या घरात वय हा निर्दोषपणाचा पुरावा धरत नाहीत. भावोजींना काय सांगावं याची वाक्यं मी मनात रचू लागलो. श्वास बघायचा होता तो राहिला.

तिसऱ्या दिवशी भेटी. प्रत्येकाला काकांसमोर दहा मिनिटं एकट्यानं बसून मनातलं बोलायची मुभा. खोली लहान. काकांच्या पाठीशी फळ्यांची पातळ भिंत. माझ्याआधी एक नर्स आत गेली, ती तोंडावर पदर घेऊन बाहेर आली. मौन सुरू होण्याआधी लोक सांगत होते, काकांसारखं ऐकून घेणारं माणूस नाही. मधे बोलत नाहीत, नुसते पाहतात.

मी बसलो. ते पाहू लागले.

"काका, मी शेजाऱ्याची स्कूटर जाळली," मी शांतपणे, तोंड फारसं न हलवता म्हणालो. शेजाऱ्याला सायकलसुद्धा नाही.

"हं," काका मायेनं म्हणाले. "येतं तसं जातं. बघत राहायचं."

मी आणखी खाली आवाज आणला. "तुमच्या डोक्यावर पाल आहे."

"हं," काका म्हणाले. "तिलाही बघत राहायचं."

'तिला' ऐकून क्षणभर मीच चपापलो. पण 'तिला' म्हणजे वेदनेला असणार; तेच ते माझ्याआधीच्या नर्सला म्हणाले असतील, त्याच्याआधीच्यालाही म्हणाले असतील. त्यांना अजिबात काही ऐकू येत नव्हतं. माणसं पोटातलं ओतत होती आणि समोर रिकामी बादली होती, तीही पालथी.

मी विजयी होऊन झोपलो. सकाळच्या प्रवचनात काका म्हणाले, "शाई जास्त झाली की अक्षर बुजतं, तसं दुःख जास्त बोललं की बुजतं." मग थांबून म्हणाले, "ज्यानं शेजाऱ्याचं काही जाळलं असेल, त्यानं इथं डोळे मिटून बसू नये. आधी शेजाऱ्याकडे जावं." आणि डोक्यावरून हात फिरवून हसले. "पालीबद्दल आभार. मला संध्याकाळी कळलं. तोवर गेली होती बिचारी."

लोक हसले, संतांच्या विनोदाला हसतात तसं. मी नाही हसलो. संध्याकाळी कुणी कळवलं?

दुपारी स्वयंपाकघरात ताटं पुसायची माझी पाळी होती. ताई तिथंच होती. बाकी कुणी नव्हतं. मी मौन मोडलं.

"फळ्यांच्या मागं तू बसतेस."

"ताट कोरडं पूस," ताई म्हणाली.

"ताई, काका बहिरे आहेत."

तिनं नळ बंद केला. "दोन वर्षं झाली. यंत्रानं खाल्ले त्यांचे कान. ते सगळं बंदच करणार होते. मी म्हटलं, मी पलीकडे बसते, शॉर्टहँडमध्ये घेते, संध्याकाळी साध्या अक्षरात लिहून तुम्हाला देते. ते जागून वाचतात रे. प्रत्येकाचं. वाचून झालं की फाडतात."

"आणि लोकांना हे माहीत आहे?"

ती ताट पुसू लागली, आधीच पुसलेलं.

"ताई."

"काकांनी लिहून दिलेले नियम बारा आहेत. बारावा तोच. भेटीच्या वेळी दुसरी व्यक्ती लिहून घेते, ज्यांना नको असेल त्यांनी सांगावं."

"तू अकरा वाचलेस."

"बाराव्याच्या जागी पाणी." ती एवढंच म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. काकांना तिचे ओठ हलताना दिसत होते. बारा वेळा हलले, बारा वेळा त्यांनी मान हलवली. मी सहा दिवसांची पिशवी भरून एक भोंदू शोधायला आलो होतो, आणि तो माझ्याच आईच्या हातचं खाऊन मोठा झालेला निघाला.

"तो वाचला असता तर कुणी तोंड उघडलं असतं का?" ताईचा आवाज चढला. "सोळा वर्षं मी खोटं उतरवून घेतलं. ह्या खोलीत पहिल्यांदा माणसं खरं बोलताना ऐकली. तू सोडून. स्कूटर म्हणे!"

"ती नर्स रडत बाहेर आली. तिनं ते काकांना सांगितलं होतं, तुला नाही."

"तुला काय माहीत तिचं दुःख काय आहे ते?"

"मला नाहीच माहीत. तुला माहीत आहे. तेच म्हणतोय."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "ह्यांनी पाठवलंय ना तुला? जा, सांग सगळ्यांना. बहिणीचं तोंड काळं कर आणि घरी ने."

मी बागेतल्या पायरीवर बसलो. गप्प राहिलो तर सोमवारी राजीनामा जाणार आणि ताई त्या फळ्यांमागं जन्मभर बसणार. बोललो तर तिची अब्रू जाणार. शिवाय हे मी नर्ससाठी करतोय की भावोजींसमोर शेखी मिरवायला, याचीही मला खात्री नव्हती. स्वतःवर संशय घेण्याची माझी ती पहिलीच वेळ. शेवटी मी सगळ्यांना नाही, एकालाच सांगायचं ठरवलं.

काका खोलीत पट्टी धरून जुन्या कागदांच्या चिठ्ठ्या कापत होते. त्यातलीच एक घेऊन मी लिहिलं : 'बारावा नियम कुणाला वाचून दाखवत नाहीत.'

त्यांनी ती तीनदा वाचली. खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावरच्या बाराव्या ओळीवर अंगठा ठेवला.

"कधीच नाही?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरचा कावळा उडाला.

मी 'नाही' अशी मान हलवली.

"छापून गेलेला अंक परत बोलावता येत नाही," काका म्हणाले आणि पट्टी सरळ रेषेत ठेवून दिली.

संध्याकाळच्या बैठकीत त्यांनीच जमिनीवर थाप मारली. ताईला वहीसकट पुढं बोलावून आपल्या शेजारी, सगळ्यांकडे तोंड करून बसवलं. "माझे कान गेलेत," ते म्हणाले. "तुम्ही मला सांगितलंत ते हिनं भिंतीमागून लिहून घेतलं. तुम्हाला सांगितलं जातं असं मी समजत होतो. मी खात्री केली नाही, ती चूक माझी. आपापलं पान घेऊन जा. मागच्या शिबिरांतल्या माणसांना हीच पत्रं लिहील, खाली सही माझी राहील."

सहा दिवसांचं मौन चौथ्याच दिवशी फुटलं आणि हॉलचं कोर्ट झालं. ताई एकेक पान फाडून देऊ लागली, पण सगळी शॉर्टहँड, नुसत्या वेलांट्या आणि टिंबं. एक निवृत्त हेडमास्तर पान उलटं धरून म्हणाले, "हे माझंच कशावरून?"

ताईनं ते सरळ केलं आणि वाचायला लागली, "मी माझ्या धाकट्या भावाच्या..."

"बस, बस! माझंच आहे!" हेडमास्तरांनी पान हिसकावून घेतलं.

नर्स शेवटी आली. तिनं पानाची इवलीशी घडी केली. "काल जेवताना तू माझ्यापाशी येऊन पाणी ठेवलंस," ती ताईला म्हणाली. "ते माझं ऐकून ठेवलंस, की असंच?"

ताईला खोटं बोलायला हरकत नव्हती. कुणाला कळलं नसतं.

"ऐकून," ताई म्हणाली.

नर्स पिशवी घेऊन निघून गेली. तिच्यासोबत आणखी आठ जण गेले.

काका खरंच अंधारात होते का, ही शंका मला आजही आहे. ज्याला यंत्राचा बिघाड तळपायातून कळतो, त्याला दोन वर्षं शेजारी बसलेल्या बाईचा कळला नाही? की नको होता कळायला? विचारणार कसा? आणि मी विचारलं तरी ते पुन्हा 'हं' म्हणाले, तर मी कुठला कागद दाखवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला सांगितलं, "तो राजीनामा आण." चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत पुरा वाचला. "हा मजकूर पास नाही," ते म्हणाले आणि घडी घालून आपल्याच खिशात टाकला. "सोमवारी कोर्टात जा. तिथं तू समोर बसून लिहितेस. सगळ्यांना दिसतं."

ताई त्यांच्याशी काहीतरी बोलत राहिली, बराच वेळ, हात जोडून. काकांनी मान खिडकीकडे वळवली होती. तिच्या ओठांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

फाटकाबाहेर बसची वाट पाहताना ती माझ्यापासून चार हात लांब उभी होती. फोन वाजला. भावोजी.

"काय रे, सापडला का भोंदू?"

"सापडला."

"मग? पोलिसात देऊ या?"

"नको. घरी आणतोय."

"घरी कशाला?" भावोजी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

ताईनं माझ्या हातून फोन घेतला. "अहो," ती म्हणाली, "माझ्याकडून एक चूक झालीय. मोठी आहे. ह्याच्याकडून ऐकू नका, मी सांगते." आणि रस्त्याच्या कडेला, बॅगेवर बसून, बस येऊन निघून गेली तरी, ती पहिल्यापासून सांगत राहिली.