ओबण्णाची कपात सूचना

आमच्या तालुका कचेरीच्या भिंतीवर माजी आमदारांचे फोटो ओळीनं टांगले आहेत. त्यात ओबण्णाचा फोटो नाही. मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा साहेब 'बघू' म्हणाले. त्यांना बघायचं तेव्हा बघोत, मी माझ्यापुरतं लिहून ठेवतो. मी चिक्ककेरेचा पोस्टमास्तर हालप्पा. ओबण्णाच्या पाच वर्षांतले सगळे कागद माझ्या हातून गेले, आणि ज्या एका कागदानं तो पडला तो तर माझ्याच अक्षरात होता.

ओबण्णा मूळचा मापाडी. चित्रदुर्गाकडचा आमचा भाग कोरडा, भुईमुगावर जगणारा. शेंगांची पोती बाजार समितीच्या आवारात यायची आणि ओबण्णा ती तोलायचा. एकदा बसलिंगप्पा नावाच्या अडत्याच्या वजनात खोट दिसली, तेव्हा यानं भर आवारात पोतं पुन्हा काट्यावर चढवलं. सात शेर कमी लिहिले होते. त्या दिवसापासून शेतकरी ओबण्णाचे झाले आणि बसलिंगप्पानं त्याच्याशी कायमचा दावा धरला. पुढे निवडणूक आली तेव्हा दोन बड्या माणसांच्या भांडणात लोकांनी ओबण्णाला तिसरा म्हणून उभा केला, आणि तो निवडून आला.

त्या प्रचारात सगळ्यात जास्त पायपीट केली ती मारक्कानं, त्याच्या थोरल्या बहिणीनं. नवरा लवकर गेलेला, चार एकर कोरडवाहू, पायात चप्पल नाही. गावोगाव जाऊन सांगायची, "माझा तम्मा उभा आहे. पाठचा भाऊ आहे माझा, चुकला तर कान मी धरीन." आमदार झाल्यावरही ओबण्णा गावी असला की दर सोमवारी तिच्याकडे जेवायचा. रागीचा गोळा, कुळथाचं सार आणि वर तिची बोलणी, असा बेत असायचा.

बंगळूरला गेल्यावर त्याला अर्थसंकल्पाची पुस्तकं मिळाली, गाठोडंभर. बाकीचे आमदार ती खोलीतच टाकून यायचे. हा ती पोत्यात भरून बसच्या टपावरून गावी आणायचा आणि पोस्टाच्या ओट्यावर बसून, बोट ठेवून ओळ न ओळ वाचायचा. मी हसायचो. दुसऱ्या वर्षी माझं हसू बंद झालं, कारण त्याला एक गोष्ट सापडली. भुईमुगाच्या बियाण्याचा पैसा मार्चअखेर खर्ची पडला असं पुस्तकात होतं, आणि आमच्या सोसायटीत बियाणं पोचलं होतं श्रावणात. तोवर पेरणीला दीड महिना होऊन गेलेला. लोकांनी ते बियाणं घाण्याला घातलं आणि सावकाराच्या बियाण्यावर पेरलं.

त्या बियाण्यातले शंभर दाणे तो मोजून घेऊन गेला. आमदार निवासातल्या न्हाणीघरात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. एकेचाळीस उगवले. हा हिशोब त्यानं सभागृहात मांडला तेव्हा मंत्री म्हणाले, माननीय सदस्यांनी आमदार निवासात रोपवाटिका काढलेली दिसते. सगळे हसले. ओबण्णा म्हणाला, "काढली, साहेब. त्यातले एकोणसाठ दाणे मेले. ते माझ्या बहिणीच्या शेतात पडले असते तर तिनं वर्षभर काय खाल्लं असतं, ते तुम्ही सांगा." मग कुणी हसलं नाही.

हे त्यानं मला सांगितलं, कारण पुढचं भाषण कसं करायचं ते त्याला माझ्याकडून लिहून हवं होतं. गावात दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. बंगळूरला काय केलंस असं लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "काय करणार, बसून आलो." लोकांनाही ते खरं वाटायचं. शेजारचा आमदार दर महिन्याला कसली तरी कोनशिला बसवत होता, आणि आमचा आमदार पोस्टाच्या ओट्यावर पुस्तक वाचत होता.

आता त्या कागदाचं सांगतो. एखाद्या खात्याच्या कारभारावर आमदाराला नाराजी मांडायची असेल, तर सभागृहाची एक रीत आहे. त्या खात्यानं मागितलेल्या पैशातून शंभर रुपये कापावेत, अशी सूचना द्यायची. शंभर रुपये कुणी खरोखर कापत नाही. पण सूचना दिली की बोलायची पाळी मिळते, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर मिळालं की सूचना मागं घ्यायची. ओबण्णा दरवर्षी शेतीखात्यावर अशी सूचना द्यायचा. शेवटच्या वर्षीची मी लिहिली, त्यानं सही केली आणि मीच शिक्का मारून ती टपालात टाकली. त्या चर्चेत तो फक्त बियाण्याच्या तारखांवर बोलला. ठेका कधी निघाला, माल कधी सुटला, गाडी कुठं अडली, हे सगळं त्याला पाठ होतं. अखेर मंत्र्यांनी कबूल केलं की हा हंगाम आता हातचा गेला, पण पुढच्या हंगामाला बियाणं मे महिन्यातच सोसायटीत येईल. ओबण्णानं सूचना मागं घेतली आणि रात्रीच्या बसनं घरी आला.

त्याच हिवाळ्यात निवडणूक लागली. या वेळी समोर स्वतः बसलिंगप्पा होता. त्यानं कुठून तरी त्या सूचनेची नक्कल मिळवली आणि पत्रक छापून घरोघर वाटलं. वर ठळक अक्षरात: तुमच्या आमदारानं शेतीचे पैसे कापायला सांगितले, ही पाहा सही. एक शब्दही खोटा नव्हता.

ओबण्णा पत्रक घेऊन माझ्याकडे आला, काय करायचं विचारायला. मी ऐटीत सांगितलं, लोक काही वेडे नाहीत, उत्तर देत बसलास तर उलट संशय घेतील. त्यानं ऐकलं. आयुष्यात इतका वाईट सल्ला मी कुणाला दिला नसेल.

चार दिवसांनी मारक्का आली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. तिला वाचता येत नव्हतं, पत्रक कुणी तरी वाचून दाखवलं होतं. तिनं ते त्याच्यासमोर धरलं.

"ही सही तुझी?"

"माझी."

"यात लिहिलंय ते खरं?"

"खरं आहे, अक्का, पण—"

तिनं पुढचं ऐकलं नाही. पत्रक ओट्यावर ठेवून ती निघून गेली. मी तिच्यामागं धावायला हवं होतं. मी बसून राहिलो, म्हटलं बहीणभावाचं आहे, आपण कशाला मधे पडा. प्रचारात ती पुन्हा दिसली नाही. ती फिरत नाही हे बघून बाकीचे काय समजायचं ते समजले. ओबण्णा चारशे मतांनी पडला.

पडल्यावर त्यानं मापाड्याचा परवाना पुन्हा काढला. बसलिंगप्पाच्या दुकानासमोर उभं राहून तो पोती तोलू लागला. लोक 'काय आमदार' म्हणून हाक मारायचे, काही प्रेमानं, काही खिजवायला. तो दोघांनाही सारखंच हसून उत्तर द्यायचा. एक गोष्ट मात्र त्याला खाऊन टाकत होती. सोमवारी तो मारक्काच्या दारावरून जायचा, हाक मारायचा, आणि आतून उत्तर यायचं नाही. मग तो घरी जाऊन न जेवता झोपायचा. त्याच्या बायकोनं मला हे रडत सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात बियाणं आलं. पाऊस अजून लांब होता आणि सोसायटीच्या गोदामात पोती छतापर्यंत रचलेली. वाटपाच्या दिवशी तोलायला ओबण्णाच होता. रांगेत लोक बसलिंगप्पाचं नाव घेत होते, निवडून आल्या आल्या बियाणं आणलं म्हणून. ते ऐकून माझं डोकं सणकलं. ओबण्णाची भाषणं आणि मंत्र्यांची उत्तरं त्याच्या तोंडून ऐकून मी लिहून ठेवली होती, पोस्टात जाऊन तो कागद काढला, परत आलो आणि रांगेसमोर उभं राहून वाचायला लागलो. ओबण्णा म्हणाला, राहू दे, हालप्पा. मी म्हटलं, आता गप्प बस, पूर्वीच गप्प बसायला सांगून मी तुझं वाटोळं केलंय.

सगळं वाचलं. शंभर दाणे, एकेचाळीस उगवले, तारखा, मंत्र्यांनी दिलेला शब्द. शंभर रुपयांची रीत काय आहे तेही समजावून सांगितलं. लोक खाली मान घालून ऐकत होते. रांगेत मारक्का होती. ती पुढं झाली आणि काट्यासमोर उभी राहिली.

"हे सगळं तू तिथं बोललास?"

"हो, अक्का."

"माझ्या शेताचं नाव काढून?"

"हो."

"पाच वर्षं दर सोमवारी माझ्या चुलीपुढं जेवलास," मारक्का म्हणाली. "मीठ कमी पडलं तर सांगायचास. हे का नाही सांगितलंस?"

ओबण्णाच्या हातात वजन होतं, ते त्यानं खाली ठेवलं. "मला वाटलं, काम झालं की दिसेल. त्यात सांगायचं काय."

"दिसलं असतं रे. पण मतदान आधी आलं." ती रांगेकडे वळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी त्या बसलिंगप्पाच्या चिन्हावर शिक्का मारला, तम्मा. तुझ्यावर नाही मारला."

माझ्या हातातला कागद मला जड झाला. पोस्टात रोज माणसं येत, मी त्यांची पत्रं वाचून दाखवत असे, जावयाची, मुलाची, कोर्टाची. हे एक पत्र एवढे दिवस माझ्या पेटीत पडून होतं आणि मी ते कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. तिचा प्रश्न त्याला होता, पण मान माझी खाली गेली.

"चूक माझी आहे," ओबण्णा म्हणाला. "तिथं बोलायला मला पाच मिनिटं मिळायची, त्यासाठीही भांडावं लागायचं. तुझ्याकडे मला कुणी अडवलं नव्हतं, अक्का."

एवढं बोलला आणि भर रांगेसमोर रडायला लागला. सभागृह हसलं तेव्हा, निवडणूक हरला तेव्हा, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मारक्कानं पदरानं त्याचं तोंड पुसलं, म्हणाली, "सोमवारी ये. सगळं पहिल्यापासून सांग."